तांबड्या दोऱ्याच्या नळ्या

कुंदाच्या हातून काही बिघडलं नव्हतं आणि ते मला माहीत होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादाला नाही, ज्या सरांना तेव्हाच सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. सर आता राहिले नाहीत. मी पन्नाशीला टेकलो. यंदा सुगीला चार दिवस घरी, कापड्याला, आलो आणि खळ्याच्या कडेला पेंढ्यावर बसलो, तेव्हा ओल्या भाताचा तो गोडसर, किंचित आंबूस वास नाकात शिरला आणि हे वाक्य घशाशी येऊन बसलं. गिळलं तर जाईना. म्हणून लिहायला घेतलंय. नीट लिहिता येईल असं वाटत नाही, कारण त्या सुगीतलं माझं मलाच पुष्कळसं उमगत नाही.

आमच्याकडची सुगी म्हणजे पोलादपूरच्या पुढच्या डोंगरांतली सुगी. खाचरं लहान, एकाखाली एक उतरत गेलेली. पहाटे धुकं इतकं खाली येतं की कापणाऱ्यांची डोकी दिसत नाहीत, नुसता विळ्यांचा खरखर आवाज पुढे सरकत असतो. मग ऊन येतं ते एकदम येतं. भारे बांधायचे, डोक्यावरून खळ्यावर आणायचे, फळीवर झोडायचे. अंगाला भाताची कूस लागून नुसती खाज. मुंबईला गिरणीत असलेली माणसं रजा टाकून येतात आणि दोन दिवसांत त्यांचे हात सोलवटतात, मग बायका त्यांना हसतात. मीही त्या हसण्यातून सुटलो नाही. "भावजी, पेन धरायचे हात ते," असं वहिनी म्हणायची. दादाची बायको. ती या घरात आली तेव्हा मी महाडच्या शाळेत होतो.

सुगीत आमच्या घरचा एक नेम होता. खळ्यावरचं पहिलं माप घरात जायच्या आधी घरातला कुठलाच जीव उपाशी ठेवायचा नाही. बैलांना वैरण, कुत्र्याला भाकरी, चिमण्यांसाठी आढ्याला लोंब्यांचा झुबका. आई विळ्यांनासुद्धा तांदळाचं पीठ लावायची. "त्यांनीबी राबलं हाय," म्हणायची. माझ्या अंगात तो नेम इतका मुरला होता की मुंबईत प्रयोगशाळेत उभा असतानाही आश्विन सरत आला की हात आपोआप सढळ व्हायचा. पुढे जे घडलं त्याला मी या नेमाचं निमित्त देतो आहे का? असेल. निमित्तं शोधण्यात माझी अर्धी हयात गेली.

साठीच्या दशकातली ती मधली वर्षं. मी मुंबईला एका प्रयोगशाळेत जंतूंवर काम करत होतो, एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी. माझ्या शेजारच्या टेबलावर कुंदा. ती महाडची. तिचे वडील कोर्टात कारकून, घर चवदार तळ्याच्या अलीकडच्या आळीत. एका तालुक्यापलीकडचे म्हणून आमचे मार्गदर्शक सर आम्हाला 'महाडची कंपनी' म्हणत. आम्ही एकमेकांना अहो-जाहो करत असू. ती मला 'मोरे' म्हणायची, मी तिला 'कुंदाबाई'. तिच्या वडिलांनी तिला एकेका वर्षाची मुदत दिली होती. सरांनी वर्षाअखेर चांगलं म्हटलं तर पुढचं वर्ष, नाहीतर घरी. हे तिने मला एकदाच, नळ्या धुताना, पाण्याच्या आवाजात सांगितलं होतं.

तिचे हात आठवतात. नळीच्या तोंडचा कापूस ती करंगळीने धरून काढायची, नळीचं तोंड ज्योतीतून फिरवायची, जंतू उचलायची तार लाल होईपर्यंत तापवायची आणि थंड होईपर्यंत थांबायची. मी थांबत नसे. फुंकर मारायचा मोह व्हायचा मला, आणि ती नुसती बघायची.

माझ्याकडे सरांनी जंतूंचं एक वाण दिलं होतं. साधे, निरुपद्रवी, माणसाच्या पोटात राहणारे जंतू. जंतूच्या शरीरात त्याचा सगळा वारसा एका लांब गोल धाग्यात असतो, मण्यांच्या माळेसारखा. माझ्या जंतूंच्या माळेत मण्यांचा एक तुकडा दोनदा आला होता, एकाला लागून एक. हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. आम्हाला एवढंच ठाऊक होतं की हे जंतू अगदी निकस अन्नावर, जिथे त्यांचे भाऊबंद मरतात तिथे, कसेबसे जगतात. का जगतात ते शोधायचं होतं. वाण पाठवणाऱ्याने बजावून सांगितलं होतं की याला निकस अन्नावरच ठेवा. सरांनीही तेच सांगितलं. निकस अन्नाच्या नळ्यांना आम्ही पांढरा दोरा बांधायचो, आणि सकस, मांसरस घातलेल्या नळ्यांना तांबडा. तांबड्याचं आगर, म्हणजे जंतू वाढवायचं खळीसारखं माध्यम, शिजताना रश्श्याची आठवण यायची. पांढऱ्याला वासच नसे.

निकस का, हे मला पुढे कळलं ते बियाण्याच्या मुड्यांवरून स्वतःला समजावत कळलं. आमच्याकडे बियाण्याचा मुडा एक कधी नसे. एक आमच्या माळ्यावर, पेंढ्यात घट्ट वळलेला, आणि दुसरा दासगावला आत्याकडे. घराला आग लागली, उंदीर लागला, तर दुसरा असावा. दुष्काळी वर्षी आत्या तो मुडा जिवापाड जपायची, कारण त्याच्यावर दोन घरं तगणार असायची. पण पीक उदंड आलं की दुसऱ्या मुड्याची कुणाला आठवण राहत नसे. आत्याकडे एखादा पाहुणा यायचा आणि मुडा सुटायचा, शिजायचा. माझ्या जंतूंचं तसंच होतं. निकस अन्नावर तो दुहेरी तुकडा त्यांचा जीव होता, एकाने भागत नव्हतं. सकस अन्नावर दुसऱ्याची गरज नाही. आणि तो जायलाही सोपा. दोन सारखे तुकडे शेजारी असले की माळ स्वतःवरच वळते, एक तुकडा दुसऱ्यावर चपखल बसतो, तिथे धागा तुटून जुळतो, आणि मधला फेरा गळून पडतो. उरते ती अखंडच माळ. कुठे काही गेलंय याची खूणसुद्धा नाही. एकेरी झालेला जंतू हलका होतो, भराभर वाढतो आणि थोड्या दिवसांत नळीभर तोच तो.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर प्रयोगशाळेची शीतपेटी बंद पडली. सर म्हणाले, ज्याने त्याने आपली वाणं सांभाळायची. माझ्या गावी वीज नाही, घर भाताच्या धुळीने भरलेलं. कुंदा आदल्या दिवशी गेली होती; माझ्या नळ्याही तिच्याकडेच ठेवायच्या असं ठरलं होतं. मी माझ्या नळ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि मांडीवर घेऊन एस.टी.त बसलो. महाडच्या डेपोवर उतरलो आणि तिच्या घरी गेलो.

तिचे वडील ओटीवर बसले होते. डब्याकडे बघून म्हणाले, "दिवसभर आरोपी, आणि घरी आलो तर हे. रोगाचे नाहीत ना?"

"नाही हो बाबा," कुंदा आतून म्हणाली, "तुमच्याच पोटातले."

"माझ्या पोटात दिवाळीचा फराळ आहे," ते म्हणाले, "बाकी तुझं तू बघ."

माठाखाली ओली वाळू होती. तिने तिथे जागा केली. नळ्या एकेक करून रोवल्या. तिने येताना नुसत्या आगराच्या, जंतू न घातलेल्या नळ्याही आणल्या होत्या, पांढऱ्या दोऱ्याच्या आणि तांबड्या दोऱ्याच्या, स्पिरिटचा दिवा, तार, सगळं. मधे एकदा जंतू नव्या नळ्यांवर घ्यावे लागणार होते.

आता इथून पुढे माझ्याजवळ एकाच गोष्टीच्या दोन प्रती आहेत.

एका प्रतीत ती विचारते, "कशावर घेऊ? पांढऱ्यावरच ना?" आणि मी, उन्हातून आलेला, तिच्या घरचं पाणी प्यायलेला, घरी सुगीला निघालेला, म्हणतो, "तांबड्यावर घ्या की. दिवाळीत कुणाला उपाशी ठेवू नये. त्यांनाही सुगी करू दे." ती म्हणते, "सरांनी पांढऱ्यावर सांगितलंय, मोरे." मी म्हणतो, "सर काय बघायला येताहेत? माझे जंतू आहेत, मी सांगतो."

दुसऱ्या प्रतीत हे सगळं तीच म्हणते. "सणाचे दिवस, तांबड्यावर घेते," असं ती हसून म्हणते आणि मी नुसती मान हलवतो.

वर्षानुवर्षं मी दुसरी प्रत वापरली. पहिली माझ्याजवळ होती, पण तिच्यावाचून माझं चालत होतं.

सुट्टी संपली. मी वाटेत महाडला तिच्याकडून नळ्यांचा डबा घेऊन मुंबईला गेलो. पहिल्यांदा आगराच्या तबकडीवर तारेने जंतूंच्या रेघोट्या ओढल्या आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ठिपके दोन तऱ्हेचे. काही आपले नेहमीचे, बारके, आणि काही मोठे, फुगलेले, चकचकीत. निकस तबकडीवर तर जवळजवळ काहीच उगवेना. सर आले, तबकडी उजेडाकडे धरली. त्यांना एकच शब्द सुचला, आणि त्या काळी कुणालाही तोच सुचला असता. भेसळ. बाहेरचा जंतू शिरला.

"नळ्या कुठे होत्या?"

"माझ्या घरी, सर," कुंदा म्हणाली.

"घरी कुठे?"

"माठाखाली. वाळूत."

टेबलाशी उभे असलेले दोघे-तिघे हसले. सर हसले नाहीत. "स्वयंपाकघरात ठेवल्यात आणि तिथेच उघडल्यात," ते म्हणाले, "मग आणखी काय होणार?"

"सर, तांबड्यावर घेतलं होतं," ती म्हणाली. "त्यामुळे काही..." आणि तिने माझ्याकडे पाहिलं. पुढचं वाक्य तिने माझ्यासाठी ठेवलं होतं. तिला ते स्वतः म्हणता आलं असतं. मोऱ्यांनी सांगितलं म्हणून. पण ती थांबली, तार थंड होईपर्यंत थांबायची तशी.

मी समोरच्या दिव्याची वात खालीवर करत होतो. वात चांगलीच होती.

"माध्यमाचा प्रश्न नाही," सर म्हणाले. "हाताचा प्रश्न आहे. हात चांगला नसेल तर या कामाला लागू नये माणसाने."

त्या वर्षाअखेर तिच्या वडिलांना जे पत्र जायला हवं होतं ते गेलं नाही आणि ती महाडला परतली. जाताना तिने आपलं टेबल स्पिरिटने पुसलं. मग माझंही पुसलं. "येते, मोरे," म्हणाली. मी काय म्हणालो ते आठवत नाही. काही म्हणालो असेन अशी आशा आहे.

तिला महाडलाच शाळेत नोकरी लागल्याचं पुढे कानावर आलं. महाडला. ज्या गावात, तिच्या दारापासून हाकेच्या अंतरावर, कुणाच्या हाताने पाणी बाटतं यावरून केवढं काय घडून गेलं होतं. मी त्याच गावच्या शाळेत शिकलो, तो इतिहास मास्तरांच्या तोंडून ऐकला, परीक्षेत लिहिला. आणि एका माणसाच्या हाताला सगळ्यांदेखत दोष लागला तेव्हा दिव्याची वात खालीवर करत राहिलो. हे दोन्ही एकाच मापाचं आहे असं मी म्हणत नाही. मला फक्त समजत नाही, की शिकलेलं सगळं त्या वेळी जातं कुठे.

ती गेल्यावर मी ते वाण शुद्ध करायला घेतलं. रीत सोपी असते. एक बारका ठिपका उचलायचा, नव्या तबकडीवर पसरायचा. एक ठिपका म्हणजे एकाच जंतूची संतती, त्यात बाहेरचं काही असायचं कारण नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर बारके आणि मोठे, दोन्ही. पुन्हा एक बारका उचलला. पुन्हा दोन्ही. मला वाटलं माझाही हात बिघडला. तार दोनदा तापवू लागलो, साबणाने कोपरापर्यंत हात धुऊ लागलो, टेबल बदललं. पुन्हा दोन्ही. सरांनी स्वतःच्या हाताने करून पाहिलं, त्यांनाही दोन्ही. ते आठवडे मी भ्रमिष्टासारखा वावरत होतो. एकाच बापाची लेकरं, एकाच ताटात जेवलेली, आणि अर्धी अनोळखी. खानावळीत जेवताना भाताच्या शितांकडे बघत बसायचो.

मग मोठ्या ठिपक्यांची कसून तपासणी केली. अंगावरच्या बाकीच्या सगळ्या खुणा त्याच. जंतूंना मारणाऱ्या ज्या विषाणूने मूळ वाण मरायचं त्यानेच हे मरत होते. जे मूळ वाणाला जमत नव्हतं ते यांनाही जमत नव्हतं. हे परके नव्हते. घरचेच होते, काहीतरी गमावलेले. निकस अन्नावर हे गमावलेले लगेच मरत, म्हणून तिथे कधी दिसत नसत. तांबड्यावर जगत. प्रश्न माध्यमाचाच होता.

सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ तबकडी बघत राहिले. "म्हणजे बाहेरून काही आलेलंच नाही," ते म्हणाले. तबकडी खाली ठेवून, "मग ती मुलगी..."

"तिचं लग्न ठरतंय, सर," मी म्हणालो.

मला असं काही कळलेलं नव्हतं. ते वाक्य माझ्या तोंडून का आलं हे मला आजही सांगता येत नाही. "बरं," सर म्हणाले आणि पुन्हा तबकडीवर वाकले. त्या 'बरं'वर माझी पदवी झाली, त्यावर नोकरी लागली, घर झालं. दुहेरी तुकडा अस्थिर असतो, सुबत्तेत तो गळून जातो, हे त्या प्रबंधात मी नीटनेटकं मांडलं आहे. ज्या नळ्यांतून ते पहिल्यांदा दिसलं त्या कुणाच्या घरी, कुणाच्या माठाखाली होत्या, याचा त्यात उल्लेख नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा सुगी आली. पुन्हा एस.टी., पुन्हा महाडचा डेपो. पोलादपूरची गाडी उशिरा होती. मी उतरलो आणि तळ्याकडे चालायला लागलो. इथेही माझ्या आठवणीत गोंधळ आहे, आणि हा मला जास्त भिववतो. कारण मला स्पष्ट आठवतं, की मी तिच्या घरी गेलो. वडील ओटीवर होते. कुंदाने पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, भेसळ नव्हती, तुमच्या हातून काही झालं नाही, तांबडं मीच सांगितलं. आणि ती म्हणाली, "मला वाटलंच होतं, मोरे." किती वर्षं मी या आठवणीच्या सावलीला बसलो होतो. अगदी खात्रीने नाही, पण अडचण आली की तिथे जाऊन टेकायचो. सांगून झालंय की आपण, असं.

पण त्या आठवणीत माझ्या हातात पत्र्याचा डबा आहे. ओलं फडकं आहे, त्याचं पाणी विजारीवर ठिबकतंय. दुसऱ्या वर्षी माझ्याकडे डबा नव्हता.

दोन सुग्या, दोन्ही दिवाळीच्या तोंडावरच्या, तोच डेपो, तीच वाट, ओटीवर तेच वडील. माझ्या मनाने एक दुसरीवर ठेवली, चपखल बसवली, आणि मधला फेरा गळून पडला. मधल्या फेऱ्यात काय होतं? ती सरांसमोर उभी होती ते. टेबल पुसलं ते. 'तिचं लग्न ठरतंय' ते. उरली ती अखंड आठवण, कुठे जोड दिसत नाही. तो डबा तेवढा चुकून राहून गेला. खरं म्हणजे दुसऱ्या वर्षी मी आळीच्या तोंडाशी गेलो, कुणाच्या तरी दारात पोरं आकाशकंदिलाला कागद चिकटवत होती ती बघत उभा राहिलो आणि डेपोवर परत येऊन चहा घेतला. चहा गार होता.

इथवर लिहून झाल्यावर आज पुन्हा पेंढ्यावर बसून मी हे सगळं उलगडत होतो, तेव्हा वहिनी सुपाने भात वारवत होती. आता तिचे केस पांढरे झालेत, पण सूप धरलं की हात अजून पूर्वीसारखा चालतो. दादा बाजूला बंध वळत बसला होता. त्याला आता कमी ऐकू येतं.

"काय बघताय येवढं?" वहिनी म्हणाली. "भात कधी बघितला नाय?" मग आपणहून, सूप झाडता झाडता म्हणाली, "ती तुमची महाडची बाई हाय ना, जंतूवाली, ती आता शाळेत मोठी बाई झाली म्हणं."

"कुठली बाई?" मी विचारलं. वहिनीला कुंदाचं कुणी सांगितलं होतं, मला कळेना.

"आता कुठली म्हंजे? तुम्हीच नाय का सांगत होतात, ह्याच खळ्यावर. दिवाळीला आलेलात. वयनी, महाडच्या बाईला सांगून आलोय, म्हनालात, माज्या जंतूंना बी सुगी करू दे, तांबडं खायाला घाल. ती सर-सर करत होती तर गप केली तिला, म्हनालात. आमी पोट धरून हसलो. आन् ह्ये तर वरीसभर बैलाला वैरण टाकताना तेच. घे रे, तांबडं खा."

दादाला 'बैल' एवढंच ऐकू गेलं असावं. "तो ढवळा ना?" तो म्हणाला. "तांबडं खाऊनच मेला तो. चांगला म्हातारा होऊन."

दोघं हसली. मीही हसलो, तोंड हसतं तसं.

कुणालाही सांगितलेलं नाही, असं मी सुरुवातीला लिहिलं. ते खरं नव्हतं. सांगितलं होतं, घडलं त्याच आठवड्यात, भर खळ्यावर, मोठ्याने, गंमत म्हणून. पहिली प्रत वहिनीकडे होती. माझ्याकडची हरवली तरी दासगावच्या मुड्यासारखी ती तिच्याकडे राहिली होती, आणि ती काय जपून ठेवतेय याची तिला कल्पना नव्हती.

मनाची खोड अशी, की मी त्याही क्षणी पळवाट शोधली. वहिनीच्या आठवणीतही दोन सुग्यांची सरमिसळ झाली नसेल कशावरून? मी गमतीत वाढवून सांगितलं नसेल कशावरून? असेलही. आणि मग पहिल्यांदाच, इतक्या वर्षांत, मला कळलं की त्याने काही फरक पडत नाही. तांबडं मी सांगितलं की तिने ठरवलं, हा गुंता कधी सुटेल न सुटेल. पण भेसळ नव्हती, हे मला कळलं होतं. सरांच्या तोंडी 'ती मुलगी' आली होती, आणि मी खोटं बोललो होतो. या दोन गोष्टींची माझ्याकडे एकेकच प्रत आहे.

"लग्न कुठं झालं तिचं?" मी वहिनीला विचारलं.

"लगीन नाय केलं तिनं. आपली पोरगी लता तिच्याच हाताखाली शिकली, महाडला होती तवा. लय शिस्तीची बाई, म्हनायची. पन एक खोड हाय तिला." वहिनीने सूप खाली ठेवलं, पदराने तोंडावरची धूळ पुसली. "ती दुर्बीण असते ना, बारकं बघायची, ती बाई कधी सवता हातात धरत नाय. काचेवर काय ठेवायचं ते पोरींकडनंच ठेवून घेते, आपण लांब उभी. लतानं एकदा विचारलं, बाई, तुम्ही का नाय लावत? तर म्हनाली, नको गो, माझा हात चांगला नाय. माझ्या हातनं बिघडतं."

वहिनीने पुन्हा सूप उचललं. वारा पडला होता म्हणून ती जरा थांबली. पलीकडच्या खळ्यावर कुणीतरी भारा झोडत होतं, त्याचा आवाज डोंगरावरून दुसऱ्यांदा येत होता, थोडा उशिराने. कुंदाचे वडील कधीच गेले असतील. ती त्याच घरात राहते म्हणे.

मला वाटायचं, मी तिचं एक वर्ष घेतलं, फार तर एक पदवी घेतली. तिने सरांचं ते वाक्य उचलून आपल्याजवळ ठेवलं असेल, रोज वर्गात उभी राहून ते पाळत असेल, हे माझ्या मनात आलं नव्हतं. आणि सरांचं तरी ते कुठे उरलं होतं? सर 'बरं' म्हणाले त्या दिवशी त्यांच्या लेखी ते चुकीचं ठरलंच होतं. तिच्यापुरतं ते खरं राहिलं, कारण चुकीचं ठरल्याची बातमी तिच्यापर्यंत नेणारा माणूस मी होतो.

उद्या मुंबईची गाडी आहे. ती महाडला थांबते. हे कागद मी कुठे छापायला देईन, की डब्यात घालून ठेवीन, सांगता येत नाही. लिहून झालं की सांगून झाल्यासारखं वाटतं, आणि त्याचीच मला भीती वाटते. पुढच्या सुगीपर्यंत माझं मन हा लेख आणि ती ओटी एकमेकांवर ठेवील, आणि मला पुन्हा आठवेल की मी तिथे जाऊन आलो. म्हणून इथे लिहून ठेवतो, की आजच्या तारखेला मी गेलेलो नाही. तिच्या नळ्यांत भेसळ नव्हती, तिचा हात चांगला होता, आणि हे तिच्या दारात उभं राहून तिला सांगणं अजून माझ्याकडे बाकी आहे.